पडद्यापुढचे पहिले भजन

विनायकराव आणि मी घाटकोपरच्या या थिएटरात एकाच दिवशी लागलो. ते म्यानेजरच्या खोलीत गेले, मी तिकिटांच्या खिडकीत बसलो. माझे शिक्षण चौथीपर्यंत. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी लिहिताना हातून काही वावगे तर जाणार नाही ना, या धास्तीने दोनदा उठून पाणी प्यालो आहे.

विनायकरावांचा स्वभाव फार गोड. मला टायफॉइड झाला तेव्हा ते स्वतः माझ्या खिडकीत बसत आणि सवड काढून मोसंबी घेऊन घरी येत. आमच्या घरात अजून ऐकावे लागते, "बघा, ते कधी आवाज चढवतात का!" बरा होऊन कामावर गेलो, तर रांगेतल्या पहिल्याच बाईंनी विचारले, "ते कालचे साहेब नाहीत का आज?"

आज आमच्याकडे रविवारी सकाळी भजने होतात, नाटके होतात, बायकांचे हळदीकुंकू होते. हे कसे सुरू झाले ते या ग्रंथात सगळेच लिहितील, म्हणून मीही लिहितो. तेव्हा कुर्ल्याचे थिएटर आणि आम्ही मिळून एकच चित्रपट चालवीत असू. तिकडे दाखवून झालेले रीळ सायकलवरून इकडे येई. एकदा सायकल वाटेत पंक्चर झाली आणि पडदा कोरा राहिला. बाकड्यांवरून ओरडा सुरू झाला, "ए म्यानेजर, पिक्चर दाव, नायतर तू नाच!"

विनायकराव घामाघूम होऊन खिडकीशी आले. मीच म्हणालो, "अहो, कोकणातली भजनी मंडळी टाळ-मृदंगासकट आत बसलीत. त्यांना करा ना पडद्यापुढे उभे!"

त्यांनी जाऊन हात जोडले आणि भजन असे रंगले की रीळ आल्यावर लोकच म्हणाले, "थांब रे, हे होऊ दे आधी!" दुसऱ्या दिवसापासून घाटकोपरभर एकच, "विनायकरावांचे डोके बघा!" आजही हे कानावर आले की मला जेवण गोड लागत नाही.

परवा सत्कार समितीच्या सभेत विनायकराव उठले आणि म्हणाले, "ती कल्पना माझी नव्हे. खिडकीतल्या आमच्या अण्णांची." मी खुर्चीत सावरून बसलो. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "पाहिलेत? श्रेयसुद्धा दुसऱ्याला देऊन टाकतात!" टाळ्या थांबेनात. त्याही त्यांनाच.

बाहेर पडताना विनायकराव हळूच म्हणाले, "अण्णा, पुढच्या वर्षी पुन्हा सांगतो."

देव त्यांना शंभर वर्षे ठणठणीत ठेवो, त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो आणि दरवर्षी ते हे सांगत राहोत. एखाद्या वर्षी लोकांना खरे वाटेल. तेव्हा ऐकायला मी असावे, एवढेच.