मनस्वीचे कान

माझा आवाज मोठा आहे. आमच्या नावडे गावात सगळ्यांचाच मोठा. पूर्वी या शेतातून त्या शेतात हाका मारायचो. आता शेतांवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या तरी आवाज कोणी कमी केला नाही. अशा घरात माझ्या भावाला, सितारामला, मनस्वी झाली. मिक्सर सुरू झाला की कानांवर हात ठेवून मोरीत जाऊन बसणारी. गल्लीत कोणाची हळद असली की डीजेच्या आधी हिचं तोंड उतरायचं. आम्ही तिला हट्टी म्हणायचो, तिरसट म्हणायचो. मी तर एकदा भर मांडवात तिला ओढत आणून नाचायला उभी केली होती. त्याची मला आजही लाज वाटते.

चोविसाव्या वर्षी ती एकटीच खारघरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली, पाच-सहा वेळा गेली आणि एक कागद घेऊन आली. ऑटिझम. सिताराम कागद हातात धरून माझ्याकडे बघत बसला. मनस्वी मात्र खूश होती. "आत्या, मी मुद्दाम नाही वागत. मी अशीच आहे," म्हणाली. आणि मी काय केलं? तो कागद कपाटात साड्यांच्या खाली सरकवला आणि बजावलं, "याचा नाव कोनापुढं काढायचा नाय."

लोक वेडी म्हणतील, लग्न जमणार नाही, नोकरी मिळणार नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं.

मी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात टाइम ऑफिसला आहे, बावीस वर्षं. हजेरी, गेटपास, नव्या माणसांचे फॉर्म, सगळं माझ्या हाताखालून जातं. लॅबमध्ये कॉन्ट्रॅक्टवर मुलगी हवी होती. मनस्वी केमिस्ट्रीची बीएस्सी. लॅबचे मुख्य शादाब मुकादम सर, इथले पनवेलचेच. त्यांनी तिच्याकडून दोन तास काम करून घेतलं आणि ठेवून घेतलं. माझा वशिला काही लागला नाही.

फॉर्म मात्र मी भरला. तिच्याकडे दिला असता तर संध्याकाळ झाली असती. 'कायमचा पत्ता' या रकान्याला ती विचारत होती, "म्हणजे किती वर्षांचा?" मग आला रकाना, 'आरोग्याविषयी तक्रार'. तिने त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी विचारही केला नाही. लिहिलं, 'कानाचा त्रास'. कंप्रेसरच्या खोलीत घालतात तसली जाडजूड कानझाकणं घालून ही लॅबमध्ये बसणार होती, कोणीतरी विचारणारच. कानच दुखरा म्हटला की प्रश्न संपला, असं माझं डोकं.

प्रश्न कुठले संपतात! कुठला कान? उजवा. कशाने? लहानपणी खाडीत पडली, पाणी गेलं. सगळं मी रचलं आणि तिच्याकडून पाठ करून घेतलं. तिनेही तीन वर्षं प्रत्येकाला तेच, त्याच शब्दांत सांगितलं.

काम तिचं चोख. रंगाची बॅच आली की जाडी, चमक, वाळायला लागणारा वेळ, जे रीडिंग येईल तेच लिहिणार. एकदा माल अर्जंट पाठवायचा होता तेव्हा शिफ्टचा साहेब गोड बोलून थकला, पण हिने आकडा हलवला नाही. शादाब सर त्या दिवसापासून तिच्यावर खूश. या वर्षी पर्मनंट करायच्या यादीत त्यांनी तिचं नाव घातलं, आणि घरी सितारामने पेढे वाटायची तारीखसुद्धा ठरवली.

मग पर्मनंट होणाऱ्यांच्या मेडिकलची नोटीस निघाली. गुरुवारी तपासणीची गाडी येणार. रक्त, डोळे, छातीचा फोटो आणि ऐकण्याची तपासणी. नोटीस टाइप केली मीच, बोर्डावर लावली मीच. चौथी टाचणी टोचताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मनस्वीचे कान खणखणीत. फॉर्मवर मात्र त्रास.

संध्याकाळी तडक सितारामकडे गेले. मनस्वी जेवत होती. तांदळाची भाकरी आणि बटाट्याची भाजी, रोजची.

"एक काम कर," मी म्हटलं. "कान तपासायला पेटीत बसवतील, कानात टूं वाजंल. वाजला की बटन दाबायचा असतो. तू दोनदा दाब, एकदा सोड."

"पण वाजलेलं असेल ना?"

"असू दे."

"मग रीडिंग खोटं येईल."

माझा पारा चढला. "तुज्याच नोकरीसाठी सांगतंय ना मी? येवरा केला तुज्यासाठी, त्याचा काय?" मी ओरडले. तिने भाकरी खाली ठेवली आणि कानांवर हात धरले. मी थांबल्यावर हात काढून ती म्हणाली, "लॅबमध्ये सगळे असेच बोलतात. तुझ्यासारखे."

"असेच म्हंजे?"

"जवळ येऊन. ओरडून. मला कमी ऐकू येतं असं त्यांना वाटतं. डाव्या बाजूला येतात, तो कान चांगला आहे असं तू सांगितलंस म्हणून. काल सत्तावीस वेळा झालं."

ज्या पोरीला मिक्सर सोसवत नाही, तिच्या कानात माझ्या दोन शब्दांमुळे तीन वर्षं लोक बोंबलत होते. आणि वाईट कोणीच नव्हतं. सगळे बिचारे काळजीने ओरडत होते.

"मग बोलली का नाय?"

"तू म्हणालीस, नाव काढायचं नाही."

मनस्वीच पुढे बोलायला लागली. तिने आधीच सगळा विचार करून ठेवला होता. "डॉक्टर म्हणाल्या, सांगायलाच पाहिजे असं नाही, माझं मी ठरवायचं. सांगितलं तर कदाचित पर्मनंट करणार नाहीत. शादाब सर चांगले आहेत, पण हे कळल्यावर कसे असतील ते मला माहीत नाही. मला भीती वाटते. नाही सांगितलं तर रिटायर होईपर्यंत सगळे ओरडतील. अजून तेहतीस वर्षं. ते मला नाही जमणार. म्हणून मी सांगणार आहे."

"बरं," मी म्हटलं. "मंग नवा फॉर्म भरू, जुना फारून टाकू. हापिसातल्या कपाटाची चावी माज्याकडंच हाय."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी चावीचा विषय तिथेच सोडला. त्यांच्या लॅबमध्ये चुकलेलं पुसत नाहीत, पांढरी शाई लावत नाहीत, पान फाडत नाहीत. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर ते लिहायचं, सही, तारीख. आणि हे करायचं ज्याने चूक लिहिली त्यानेच. मग साहेबाने सही करायची, की हे मी पाहिलं.

"अक्षर तुझं आहे, आत्या," ती म्हणाली. "मी नाही खोडू शकत."

रात्रभर मला झोप नाही. पोरीची नोकरी जाईल याची भीती होतीच, पण खरं सांगते, माझं नाक कापलं जाईल याचीही होती.

सकाळी फाइल काढली. 'कानाचा त्रास' वर एक रेघ मारली. रेघ वाकडी आली. शेजारी तिने सांगितलं ते लिहिलं: 'ऑटिझम. कान चांगले आहेत. मोठा आवाज सहन होत नाही.' सही केली, तारीख टाकली आणि दोघी लॅबमध्ये गेलो. तीन वर्षांत मी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. आम्हाला बघून शादाब सर उठले, मनस्वीच्या डाव्या बाजूला आले, वाकले आणि ओरडले, "बोल मनस्वी! काय आणलंस?"

तिचे खांदे कानापर्यंत गेले. मी फॉर्म पुढे केला.

त्यांनी वाचला. परत वाचला. "म्हणजे हिला ऐकू येतं?"

"तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त," मी म्हटलं. "ते खोटं मी लिवलंय सर. हिचा काय दोष नाय."

ते स्टुलावर बसले. "या अल्ला. आणि मी तीन वर्षं हिच्या कानात बोंब मारतोय." मग मनस्वीकडे वळून, अगदी हळू, "सॉरी हां. आता काय करायचं, तूच सांग."

"ओरडायचं नाही," ती म्हणाली. "शिफ्ट बदलली तर आदल्या दिवशी सांगायचं. कानझाकणं राहू द्यायची."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

माझ्याच्याने राहवेना. "सर, पर्मनंटचा काय?"

"ताई, वरचे काय म्हणतील ते मी कसं सांगू? पण माझी शिफारस काल होती तीच आज आहे. तिचं रजिस्टर मी वाचतो, मेडिकल फॉर्म नाही." असं म्हणून त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्या सहीशेजारी आपली सही केली. माझा जीव भांड्यात पडला. मनस्वीने मात्र आधी त्यांनी तारीख बरोबर टाकली का ते पाहिलं आणि मग श्वास सोडला.

गुरुवारी ऐकण्याच्या तपासणीत तिने एकही टूं सोडला नाही. तीन आठवड्यांनी पत्र आलं आणि सितारामने पेढे वाटले. सगळं गोड झालं असं नाही. एक जण आता तिच्याशी बालवाडीतल्या पोराशी बोलावं तसं बोलतो. तिने त्याला सांगितलंय, "मी सत्तावीस वर्षांची आहे." पण ओरडत कोणी नाही. परवा म्हणाली, "आत्या, आता घरी आल्यावर मला भूक लागते."

तो फॉर्म ऑफिसातल्या माझ्याच कपाटात आहे. वाकड्या रेघेखाली माझं अक्षर स्वच्छ वाचता येतं, आणि फाइल हाताखाली आली की मी ते वाचते. टाइम ऑफिसच्या खिडकीतून हाक मारली तर लॅबपर्यंत सहज पोहोचेल, एवढा माझा आवाज अजून आहे. पण मनस्वीकडे काही काम निघालं की मी खुर्चीतून उठते आणि चालत जाते.