आलं आणि आणलं

मागच्या उन्हाळ्यात आमच्या महाळुंगे पडवळमध्ये बातमी फिरली, की शिलाईवाल्या वैजयंतीबाई करणी शिकल्या. पुरावा काय, तर मशीनवर बसून वहीत काहीबाही लिहितात, मध्येच डोळे मिटून पुटपुटतात, आणि कुणी आलं की वही ब्लाउजपीसखाली सरकवतात. बातमी खोटी होती. ती गावभर करण्यात माझा हात होता, हे कबूल. शेजाऱ्याला तेवढा हक्क असतोच. खरं इतकंच, की बाई गोष्ट लिहीत होत्या. मुलांसाठी, जादूच्या राज्याची, चांगली दोनशे पानांची.

बाई ख्रिस्ती. गावात ख्रिस्त्यांचं हे एकच घर. वय बावन्न, आणि राग बाराही महिने ताजा. ब्लाउज घट्ट झाला म्हणणारीला त्या तोंडावर सांगतात, ब्लाउज तेवढाच आहे, तू वाढलीस.

त्यांच्या गोष्टीत एका जादूगारणीनं डोंगरातले सगळे झरे मंत्रानं बांधून ठेवलेत. मंत्र म्हटला की काम झालंच, कधी चुकत नाही. तिच्याशी भांडते शलोमी नावाची मेंढपाळाची पोर. हिच्याजवळ काहीच नाही. ही नुसती देवाकडे मागते. कधी मिळतं, कधी मिळत नाही. धाकटा भाऊ तर इतकं मागूनही वाचत नाही. मी म्हटलं, वैनी, पोरीला फिरवायला एखादी काठी तरी द्या. तर म्हणाल्या, काठी फिरवून काम झालं की तीही जादूगारीणच, मग दोघींचं भांडण कशावरून?

"म्हंजे पोरीचा देव आपल्या शेतपंपाच्या लाइटीवानी," मी म्हणालो. "आली तर आली, न्हाई तर न्हाई."

मापाची टेप सटकन माझ्या पाठीत बसली.

एवढी चीड का, ते गावाला ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी त्यांचे मालक शांतवन गेले. गवंडी माणूस, लई सरळ. दुखण्यात बाईंनी चाळीस दिवस प्रार्थना केली. माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी बाहेरगावचा एक प्रार्थनावाला दारात येऊन म्हणाला, ताई, तुमचा विश्वास कमी पडला, शब्द जोर लावून म्हणायचे होते. त्याची मला आजही तिडीक येते. बाईंनी कापडाची कात्री हातात धरून त्याला डांबरी रस्त्यापर्यंत पोचवला. त्याच आठवड्यात वही उघडली. देव म्हणजे नळ, आणि मला तो पिळताच आला नाही, असं म्हणायचं होतं का त्याला, हे त्या शिवताशिवता अजून मशीनला विचारतात.

मंचरला आदेश नावाच्या तरुणानं प्रकाशन काढलंय. त्यानं पुस्तक घेतलं आणि गेल्या महिन्यात मोबाईलवर प्रूफ धाडलं. बाईंनी लिहिलं होतं, 'शलोमीने डोळे मिटले, मागितलं, आणि पाणी आलं.' प्रूफात होतं, '...आणि पाणी आणलं.' एक ण. मला तर तो दिसलाही नाही. बाईंना दिसला, आणि तसल्या एकतीस जागा दिसल्या. वादळ थांबलं होतं, ते पोरीनं थांबवलं. मेंढरू उठलं होतं, ते तिनंच उठवलं.

मी गाडी काढली. मंचरपर्यंत बाई त्या एकतीस जागा बोटांवर मोजत होत्या, तेव्हाच मला आदेशची कीव आली.

त्यानं अदबीनं चहा मागवला. म्हणाला, काकू, हिरॉईनमध्ये पॉवर लागते, नुसती मागत बसणारी पोरगी कोण वाचणार? अर्थ तोच आहे, एखादं अक्षर तर वाढवलंय. सोमवारी छपाईला जायचंय. 'आलं'च ठेवायचं असेल, तर दुसरीकडे बघा.

दुसरीकडे म्हणजे कुठे? ह्याच्याआधी तिघांनी वही परत केली होती. चार वर्षांचं लिहिणं त्या टेबलावर पडलं होतं. मी हळूच म्हटलं, वैनी, जाऊ द्या, पुस्तक तर होईल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी माझ्या चहाकडे बघू लागलो. मग कप बाजूला सारून त्या आदेशला म्हणाल्या,

"पाणी आणता येत असतं, तर मी आधी आमच्या ह्यांना परत आणलं असतं. 'आलं' छाप, न्हाई तर माझी वही दे."