नदीने सोडलेले वळण

‘येथील नदीने शेकडो वर्षांत हळूहळू आपले वळण सोडले. जुन्या पात्राच्या जागी आज घोड्याच्या नालेसारखे तळे आहे. गाव ओळखा.’

रविवारच्या पुरवणीतले हे कोडे मला वाचताक्षणीच सुटले, कारण ते माझेच गाव आहे. ‘हळूहळू’ हा शब्द मात्र मी पेनने असा खोडला की कागद फाटला.

नदीने वळण सोडले नाही. तिने एका दुपारी जमिनीची मान कापली. वळणाच्या पोटात आमचे शेत होते, आणि त्याला गावाशी जोडणारी मातीची अरुंद पट्टी. पुराने ती पट्टी बाभळींसकट उभी चिरली. तिच्यावरून बैल घेऊन परतणारा माझा थोरला भाऊ बैलांसह त्या चिरेत गेला.

नकाशावर नदी ही एक सभ्य निळी रेघ असते. त्या रेघेला धार असते, हे नकाशा सांगत नाही; आणि ज्याला धार दिसत नाही, तो दोष मेलेल्याला देतो.

वाचनालयात शेजारी बसलेले निवृत्त गुरुजी फाटलेले कोडे पाहून म्हणाले, “आबा, रागावू नका, पण भर पुरात बैल घालायला छातीपेक्षा डोकं लागतं. सगळं गाव हेच सांगतं.”

“गुरुजी, तुम्ही या गावात बदलून आलात तेव्हा नदी आजच्या जागीच होती ना?”

“होती की.”

“म्हणून तुम्हाला वाटतं, दादा ती ओलांडत होता. त्या दिवशी सकाळी तो घरून शेतात गेला, तेव्हा त्याच्या वाटेत नदी नव्हती.”