साडूभाऊंची पोकळ फरशी

आमच्या साडूभाऊंनी आजवर जगातली एकही वस्तू बोटाच्या पेरानं टकटक करून पाहिल्याशिवाय खरी मानलेली नाही, आणि त्या वस्तूंमध्ये मीही आलो. माझ्या साखरपुड्यात ‘हे मुलीच्या थोरल्या बहिणीचे यजमान’ अशी त्यांची ओळख करून दिली, तेव्हा मी वाकून नमस्कार केला. उठायच्या आत त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा टकटक केली, कान किंचित तिरका केला आणि भरल्या मांडवात जाहीर केलं, “भरीव आहे. चालेल.” आमचं लग्न त्या निकालावर ठरलं असं ते अजूनही सांगतात, आणि माझी बायको ते खोडून काढत नाही.

ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी उभी नोकरी इन्स्पेक्शन खात्यात काढली. तिथे टकटक हा त्यांच्या कामाचा भाग होता की हौसेचा, हे मी कधी विचारलं नाही. निवृत्त होताना इतर लोक शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात. साडूभाऊ तेही घेऊन आले आणि शिवाय ही टकटक घेऊन आले. नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात त्यांच्याबरोबर जायला धीर लागतो. कलिंगड आणि नारळ ठीक आहे, पण हा गृहस्थ कोबीवरही टकटक करतो. एकदा मखमलाबादकडच्या एका म्हातारीच्या पुढ्यातला भोपळा त्यांनी इतका वेळ वाजवला की ती शेवटी म्हणाली, “बाबा, भोपळा हाय त्यो, दार नाय. आतून कोन उघडनार हाय?” साडूभाऊंनी तोच भोपळा घेतला आणि वाटभर म्हणत राहिले, “बाई हुशार आहे.”

पण त्यांची खरी भक्ती फरशीवर. नव्या घरात पाऊल टाकलं की माणसं खिडकीतून काय दिसतं ते बघतात. हे खाली बघतात, आणि बुटाच्या टाचेनं एकेक फरशी वाजवत पुढे सरकतात. खाली सिमेंट नीट भरलेलं नसलं की फरशी डबडब वाजते. अशा फरशीवर फुली मारण्यासाठी त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम खडू असतो. आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटची वास्तुशांत चालू असताना त्यांनी हॉलभर फुल्या मारल्या होत्या. मी सोवळ्यात, बायको शालूत, आणि मधून साडूभाऊ वाकून टकटक करत फिरतायत. शेवटी ते गुरुजींपाशी थांबले आणि म्हणाले, “गुरुजी, जरा सरकता? तुम्ही पोकळीवर बसलाय.” गुरुजी मंत्र न थांबवता सरकले. त्या फुल्या पुसायला बायकोला दुसऱ्या दिवशी दुपार लागली, आणि बिल्डरनं त्यातली एकही फरशी बदलून दिली नाही.

आता गंमत अशी, की या माणसाच्या स्वतःच्या घरात, कॉलेज रोडमागच्या त्या छोट्या बंगल्यात, स्वयंपाकघराच्या दाराशीच, एका कडेला, एक पोकळ फरशी आहे. तिच्यावर पाय पडला की ‘डब’ असा आवाज सगळ्या घराला ऐकू जातो. घरभर जुनी मोझॅक, हिरवट सिमेंटमध्ये पिवळे-पांढरे दगडाचे कपचे, घासून गुळगुळीत केलेली. आपल्याकडे एकेकाळी ज्याच्या घरात मोझॅक तो सुखवस्तू, असं होतं. आता ज्याच्या घरात मोझॅक त्याची मुलं अजून हाताशी आली नाहीत, असं समजतात. मी साडूभाऊंना कितीदा चिडवलं, “लोकांच्या घरात खडू घेऊन फिरता, आणि आपल्या दारातली पोकळ ठेवलीय?” एरवी प्रत्येक गोष्टीला उत्तर असणारा हा माणूस तेवढ्यापुरता मान वळवून म्हणायचा, “तिला असू दे.”

त्यांचा मुलगा मात्र हाताशी आला होता, आणि त्यानं फरशी काढायचं मनावर घेतलं. कारणही खोटं नव्हतं. ताईंचे, म्हणजे साडूभाऊंच्या पत्नीचे, गुडघे दुखायला लागले होते. जुनी फरशी जागोजागी खालीवर झालेली, त्यात ताई दोनदा अडखळल्या. सिन्नरचा एक मिस्त्री येऊन बघून गेला. “काका, ही मोझॅक आता कुनी ठेवत नाय,” तो म्हणाला. “एका दिवसात फोडून टाकतो, वरून व्हिट्रिफाइड टाइल. लय भारी दिसंल.” नव्या टाइलचा नमुना सोफ्यामागे टेकवून ठेवला गेला. साडूभाऊंनी त्यावर टकटक केली आणि तो परत सोफ्यामागे सारला. घरात त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं, हे मला ताईंनी सांगितलं. ताईंना वाटलं, हट्ट आहे, चार दिवसांनी ओसरेल. फरशी राहते की जाते, हा त्या घरातला एकच प्रश्न होऊन बसला होता.

त्याच सुमारास मुलानं आईवडिलांना युरोपला पाठवायचं काढलं. आई-बाबा पंधरवडाभर बाहेर, तेवढ्यात घर फोडून नवं करायचं, असा त्याचा बेत होता. साडूभाऊ आजवर परदेशाला कधीच तयार झाले नव्हते. पण सहल कंपनीच्या माहितीपत्रकात त्यांना एक ओळ सापडली: व्हेनिस येथील सोनेरी मोझॅकने मढवलेले प्राचीन बॅसिलिका चर्च. साडूभाऊ तीनताड उडाले. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की युरोपात देवळाला सोन्याची मोझॅक फरशी आहे, आणि शेकडो वर्षं कुणी ती फोडलेली नाही. मुलाला त्यांनी बजावलं, “मी ती बघून येतो. तोवर घरातल्या एका फरशीला छिन्नी लागता कामा नये. परत आलो की काय ते ठरवू.” मुलानं नाइलाजानं मिस्त्रीला थांबवलं. आणि ही दोघंच एवढ्या लांब कशी जाणार, म्हणून मी आणि माझी बायकोही त्या सहलीला निघालो.

व्हेनिसमध्ये उतरल्यावर सगळे ‘अहाहा’ करत होते. साडूभाऊ काठावर उभे राहून पाणी बघत होते. नाशिकला गंगेचा पूर मोजायचा तो नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, असं गाव एकमेकांना सांगतं. साडूभाऊ म्हणाले, “पाण्यात गाव वसवलं ते ठीक आहे. पण यांचा मारुती कुठाय? पाणी कुठवर आलं ते यांना कळतं कसं?” मलाही ते पटलं.

बॅसिलिकाच्या दाराशी पोचल्यावर पहिला घोळ. साडूभाऊंनी बूट काढले. देवळात बूट घालून जायचं हे त्यांच्या पायांनाच मान्य नव्हतं. दारावरच्या पहारेकऱ्यानं हातवारे करून ते परत घालायला लावले. ते घालताना त्यांनी देवाकडे बघून दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. आमची गाइड एक उंच, गोड आवाजाची इटालियन बाई होती. तिनं आम्हाला कानात घालायची यंत्रं दिली होती. ती पुढे उभी राहून हळू बोलायची आणि आम्हाला कानात ऐकू यायचं. आत गेलो. तिनं हात वर केला. आमच्या गटातल्या सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या.

वर घुमट, कमानी, भिंतींचे वरचे भाग, सगळं सोनं. नखाएवढे काचेचे चौकोन, त्यांच्या आत सोन्याचा वर्ख, आणि त्यात संत, देवदूत, जहाजं. मी आयुष्यात इतका वेळ मान वर करून कधी उभा राहिलो नव्हतो. माझी बायको तर हात जोडून उभी राहिली. आणि शेजारी साडूभाऊ मान खाली घालून, डोळे बारीक करून, जमिनीवर शोधत होते.

“सोनं कुठाय?” ते मला म्हणाले. “पायांनी झिजवलं की काय लोकांनी?”

“अहो, वर बघा, वर!” ताई म्हणाल्या.

त्यांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग अत्यंत अविश्वासानं विचारलं, “छताला फरशी? छताला फरशी कोण बसवतं?”

पण खाली बघितल्याचं त्यांचं नुकसान झालं नाही. कारण तिथली जमीनही मोझॅकचीच निघाली. सोन्याची नव्हे, रंगीत दगडांची. चौकोन, चक्रं, मोर. ताईंना तो मोर लगेच दिसला. “माझ्या पैठणीवरचा,” त्या म्हणाल्या, आणि गुडघा सांभाळत त्याला वळसा घालून गेल्या, कारण मोरावर पाय कसा द्यायचा. आणि ती जमीन सपाट नव्हती. इथे खचलेली, तिथे वर आलेली, चालताना पायांना चढउतार कळावा अशी. साडूभाऊंचा चेहरा उजळला. ते सवयीनं टाचेनं वाजवत निघाले. एका खांबाजवळ ते थांबले, पुन्हा टाच आपटली, आणि त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.  ताईंनी झडप घालून मनगट धरलं नसतं, तर त्या प्राचीन जमिनीवर नाशिकच्या खडूची फुली उमटली असती आणि आम्ही सगळे तिथल्या चौकीत बसलो असतो.

साडूभाऊंनी खडू परत ठेवला आणि थेट गाइडबाईंना गाठलं. कारखान्यातलं इंग्रजी बाहेर आलं, “मॅडम, फ्लोअर गुड. लेव्हल नॉट गुड. व्हाय नो न्यू फ्लोअर?”

बाई हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी सांगितलं की खाली ओली जमीन आणि लाकडी खुंट, म्हणून वरची जमीन शतकानुशतकं हलत, खचत आली आहे. दगड निघाला तर आम्ही तो दुरुस्त करून त्याच्याच जागी बसवतो. सपाट मात्र करत नाही. सपाट केली तर ती सुंदर होईल, पण आमची राहणार नाही.

मी ते मराठीत सांगितलं. साडूभाऊंनी एका खचलेल्या जागी पुन्हा टाच टेकवून पाहिली. मग ताईंकडे वळून म्हणाले, “ऐकलंस?”

“ऐकलं,” ताई म्हणाल्या. “पण इथे लोक दर्शन घेतात आणि घरी जातात. मला घरात रोज चालावं लागतं. गुडघे माझे आहेत.”

 साडूभाऊंनी मान हलवली. खाली बघत, बुटाच्या टोकानं एक दगड चाचपत ते म्हणाले, “बरं. मग काढा सगळी. स्वयंपाकघराच्या दारातली ती एक तेवढी ठेवा.”

“ती पोकळ?” ताईंना कळेना. “ती तर आधी काढायला हवी.”

“ती वाजली की मला आत पडल्या पडल्या कळतं, तू उठलीस,” साडूभाऊ म्हणाले. “एवढी वर्षं तेवढंच ऐकून माझा दिवस सुरू होतो. ती नवी फरशी आवाजच करणार नाही. मग मला कळणार कसं?”

आमचा गट पुढे सरकला होता. कानातल्या यंत्रातून बाई कुठल्याशा संताबद्दल सांगत होत्या, तो आवाज लांब जाऊन खरखरायला लागला होता. तेवढ्यात वरचे दिवे लागले आणि अख्खं छत पेटल्यासारखं झालं. भोवतीच्या सगळ्या माणसांनी माना वर केल्या. ताईंनी केली नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “मी काय चुकून पाय देते होय तिच्यावर? ओट्याकडे जायची माझी वाट ती नाहीच. मुद्दाम वाकडी जाऊन वाजवते. नाहीतर तुम्ही उठता कुठे?”

साडूभाऊ मोठ्यांदा हसले आणि पहारेकऱ्यानं ओठांवर बोट ठेवून त्यांना दटावलं. माझ्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. मलाही गहिवरून आलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. सोनं बघायला आलो होतो, तेही बघितलं. पण त्या बॅसिलिकातलं मला आठवतं ते हेच.

परतल्यावर ताईंनी विमानतळाहून नाशिकला येतानाच गाडीत मुलाला सांगून टाकलं, “फरशी राहू दे. मिस्त्रीला म्हणावं, खालीवर आहेत तेवढ्या सारख्या कर, आणि घासून दे. दारातलीला हात लावायचा नाही.” मुलानं विचारलं, “अगं, पण तीच तर पोकळ आहे!” ताई म्हणाल्या, “तिला असू दे.” मिस्त्रीनं तेवढंच काम केलं आणि जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, “सायेब, या काकांच्या घरात पुरून ठेवल्यालं कायतरी हाय का?” सोफ्यामागची नमुन्याची टाइल आता तुळशीच्या कुंडीखाली आहे. साडूभाऊ तिच्यावर येताजाता टकटक करतात आणि म्हणतात, “माल भरीव आहे, नाव ठेवायला जागा नाही.”

परवा आम्ही त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. मी हॉलमध्ये झोपलो होतो. उजाडताना ताई आतून बाहेर आल्या. मध्यंतरी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता हातात काठी असते. मी पांघरुणातून बघत होतो. त्या ओट्याकडे सरळ गेल्या नाहीत. सावकाश वळल्या, दाराच्या त्या कडेला आल्या, पाय उचलायला जमेना म्हणून काठीचं टोक त्या फरशीवर टेकवलं. डब. आणि थांबल्या. एखाद्या सकाळी ही वाजली नाही, किंवा वाजली आणि आतून कुणी बोललं नाही, तर या घराचं काय होईल, असं माझ्या मनात आलं. ताई काठीवर भार देऊन ऐकत उभ्या होत्या.

आतून खोकला आला. मग पलंगाची कुरकुर.

“उठलो गं,” साडूभाऊ म्हणाले, आणि ताई चहा टाकायला वळल्या.