हवेवरचा चिमटा

आमच्या गल्लीच्या टोकाला सायकली उलट्या टांगलेलं जे दुकान आहे, त्याच्या मालकाला सगळे दाबमास्तर म्हणतात. दिसेल ते दाबून बघायची या माणसाला खोड. आमच्याकडे नवी गादी आली तेव्हा शेजारी म्हणून बघायला आले आणि दोन्ही तळवे टेकून अशी दाबली, की आमची ही आतून ओरडली, "अहो, मळताय काय ती!" मास्तर गंभीरपणे म्हणाले, "काकू, दबते छान, पण वर यायला आळस करते." आणि खरंच सांगतो, थोड्याच दिवसांत त्या गादीत माझ्या आकाराचा खड्डा पडला. मी अजून त्याच खड्ड्यात झोपतो.

त्यांचं काम मात्र गादीचं नाही, डोंगरावर चालवायच्या सायकलींचं. अशा सायकलीत पुढचं चाक धरणारा चिमटा दबणारा असतो. कुणाच्या आत स्प्रिंग, कुणाच्या आत कोंडलेली हवा. मागे एक ठेंगणा शॉकअप. दगडावरून सायकल उडाली की धक्का हे दोघे गिळतात. ते म्हातारे झाले, तेल गाळायला लागले, की लोक मास्तरांकडे येतात. मास्तर जुना चिमटा काढतात, नवा बसवतात, आणि मग त्याला माणसाच्या मापाचा करतात.

ही माप घ्यायची पद्धत बघण्यासारखी. चिमट्याच्या गुळगुळीत नळीवर एक रबरी कडं खाली सरकवून ठेवायचं. सायकलच्या मालकाने वर बसायचं. ब्रेक मी धरायचा, तेवढीच माझी बिनपगारी नोकरी. मास्तर बाजूला गुडघे टेकून बसणार आणि तोल जाऊ नये म्हणून मालकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा. वजनाने चिमटा दबतो, कडं वर सरकतं, आणि माणूस उतरला तरी तिथेच राहतं. जास्त सरकलं तर हवा भरायची, कमी सरकलं तर सोडायची.

वजन विचारलं की लोक लग्नाच्या वेळचं सांगतात. एक कापडवाले शेठ बसले तर चिमटा पार तळाला गेला. शेठ म्हणाले, "पंप खराब दिसतोय मास्तर." मास्तर म्हणाले, "पंप ठीक आहे शेठ, आकडा जुना आहे." मी हसता हसता ब्रेक सोडला, आणि शेठ सायकलसकट दाराबाहेर!

पण गिऱ्हाईक गेलं की दुकान एकदम गप्प व्हायचं. मास्तरांची बायको जाऊन बराच काळ लोटलेला, लेक नोकरीला लांबच्या शहरात. मागच्या खोलीत एक खाट, एक शेगडी, एक खुर्ची. खुर्चीवर सुद्धा सुटे भागच बसलेले. मला कधी कधी वाटायचं, दिवसभरात या माणसाला दुसऱ्या माणसाचा हात लागत असेल, तर तो खांद्यावरचा तेवढाच.

एक दिवस लेकीचा फोन आला. "बाबा, इथे जवळ टेकड्या आहेत. माझी सायकल न्यायला येते." मास्तरांनी तिची सायकल आढ्यावरून उतरवली. चिमटा गंजून घट्ट झाला होता. जुन्या सांगाड्याची मान, म्हणजे चिमटा घुसतो ती नळी, सरळ; हल्लीच्या चिमट्यांचा दांडा खाली जाड, त्यामुळे नवा काही केल्या बसेना. बसेल असा चिमटा त्यांनी कुठून कुठून शोधला. स्प्रिंगचाही मिळाला, हवेचाही. लांब राहणाऱ्या गिऱ्हाइकाला ते नेहमी स्प्रिंगचा देतात. जड असतो, पण फारशी देखभाल मागत नाही. लेकीला मात्र हवेचा बसवायला घेतला.

"असं का हो?" मी विचारलं.

"हलका आहे."

"आणि?"

मास्तर बोल्ट आवळत राहिले. मग म्हणाले, "याचं तेल आणि हवा धरून ठेवणारी रबरी सील वेळच्या वेळी बदलावी लागतात. सायकल आणून द्यावी लागते ना कुणाला तरी."

"अस्सं! म्हणजे पोरीला यायला लावायचा बेत आहे!"

"माझ्यासाठी सवड नाही होत तिला, काका. सायकलसाठी काढेल."

लेक आली. मास्तरांनी तिचं वजन विचारलं नाही, बापाला काय विचारायची गरज? हवा भरून तयारच ठेवली होती. ती बसली, खांद्यावर हात ठेवला, उतरली. कडं जेमतेम हललं. मास्तरांनी हवा सोडली. पुन्हा बसवलं. पुन्हा तेच.

"पंप बिघडला का, बाबा?"

मास्तरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "जेवतेस ना नीट?"

"जेवते हो. कामावरून यायला उशीर होतो, मग कंटाळा येतो, एवढंच."

"आणि सुट्टीला?"

"झोपते. इकडे यायचं म्हणजे रात्रभर बस, जाताना परत रात्रभर. दुसऱ्या दिवशी टेबलावर डुलक्या खाते आणि साहेबांची बोलणी खाते. तेच माझं जेवण." एकटीच हसली. आम्ही दोघंही हसलो नाही.

मास्तर हवा सोडत राहिले. अगदी थोडी थोडी. शेवटी कडं हवं तिथे आलं, तेव्हा तिने स्वतःच विचारलं, "हा हवेचा ना? मग याची सर्व्हिसिंग करावी लागेल. तेव्हा आणू ना मी इकडे?"

मी ब्रेक गच्च आवळला. मनात म्हणत होतो, म्हणा हो, हो म्हणा!

"नको," मास्तर म्हणाले. "नुसतं तेल आणि सील. तिथला कुणीही करेल."

"नक्की?"

"अगं, त्यात काय आहे! कशाला एवढ्या लांब ओझं आणतेस."

तिचे खांदे असे खाली आले, की जणू पाठीवरचं पोतं उतरवलं. "बरं झालं, बाबा. मला तेच टेन्शन होतं."

संध्याकाळी चाकं काढून, गोणपाटात बांधून सायकल बसच्या टपावर चढवली, पोरीला खिडकीजवळ बसवलं आणि मास्तर दुकानात परत आले. मी त्यांच्यावर उखडलोच. "अहो, पोरगी स्वतःहून येते म्हणत होती! हातचं घालवलंत की!"

"ती बसली तर कडं हललंच नाही हो, काका," ते म्हणाले, आणि झाडू घेऊन मुळात स्वच्छ असलेली जमीन झाडायला लागले.

मी चप्पल पायात सरकवली तर म्हणाले, "बसा ना."

इतक्या वर्षांत या माणसाने मला बसा म्हटलं नव्हतं, मी आपला न सांगताच बसायचो. मी बसलो. मग आमच्या गावच्या शाळेतल्या हेडमास्तरांची सायकल विहिरीत पडली ती गोष्ट काढली. ती दाबमास्तरांनी माझ्याकडून इतक्यांदा ऐकलीय, की चुकलो तर दुरुस्त करतात. सायकल वर काढली, गोष्ट संपली, मी थांबलो.

"मग?" मास्तर म्हणाले. "पुढे काय झालं?"

पुढे काहीच झालं नव्हतं. मी बनवून सांगत राहिलो.