मागून येणारं "हाव"

माझी मामी एरवी कुठेही फतकल मारून बसायची, पंगतीत, ओट्यावर, एसटीच्या पायरीवरसुद्धा. पण दर चैत्रात लोणारच्या विवरातल्या देवीची ओटी घेऊन देऊळगाव राजाहून पायी निघाली, की बीबी गावातला रात्रीचा मुक्काम सोडला तर वाटेत कुठेही बूड टेकायची नाही. मामी विधवा, म्हणून ओटी भरायला सवाष्ण हवी. ती मी! आलीया भोगासी म्हणत मी निघायचे.

बीबी मागे पडलं की माझ्या पोटऱ्यांत गोळे यायचे, मांड्या थरथरायच्या. मामी मला बाभळीला टेकवून उभ्यानंच टाच दाबायला लावायची, जिभेवर मिठाची चिमूट ठेवायची आणि चालू पडायची. किती राहिलं विचारलं तर सांगायची नाही. "पायाले गाव सांगू नाही, माय. ते तिथंच अंग टाकतेत." असा राग यायचा मला!

याच वाटेवर मामांच्या पायांत गोळे आले होते. तुम्ही बसा, मी पाणी आणते, असं मामीनंच त्यांना सांगितलं. ती परतली तेव्हा मामा कडुलिंबाला टेकून बसलेले होते, आणि गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, उन्हानं. मामी म्हणायची, माझ्या बसा म्हणण्यानं.

तेव्हापासून तिची एक रीत होती. पुढचीनं वळून बघायचं नाही, नुसती हाक द्यायची, "येऊन राह्यली का?" मागचीनं "हाव" म्हणायचं, म्हणजे हो. एकदा भर दुपारी माझ्या तोंडाला इतकी कोरड पडली, की तिच्या हाकेला उत्तर द्यायचंही त्राण उरलं नाही. तरी माझ्या मागून "हाव" आलं. खालच्या आवाजातलं, बाप्याचं. मामी निवांत चालत राहिली. मी मात्र अशी सुटले, की तिलाही मागे टाकलं.

मागच्या वर्षी मामीचे गुडघे सुजले होते. तिनं पहिल्यांदाच मला पुढे घातलं. मी हाक द्यायची, मागून "हाव" यायचं, अगदी पाठीशी, खालच्या आवाजात; मामी दमलीय, असं मला वाटलं. पण किती वेळ तिचं पाऊल ऐकू आलं नव्हतं. मी रीत मोडून वळले. रस्ता मोकळा होता. पार मागे, त्याच कडुलिंबाखाली, मामीचं निळं पातळ दिसत होतं.

पळत गेले. मामी पाय लांब सोडून पोटऱ्या चोळत होती. जिवंत! मला रडूच फुटलं. मग हाव कोण म्हणत होतं, मी विचारलं.

"तुझे मामा," ती म्हणाली. "मले म्हणले, तू बस आता. पोरीसंग मी जातो."

तिचा चेहरा इतका सैल मी कधी पाहिला नव्हता. टेम्पोतून घरी आणलं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. पावसाळ्याआधी गेली.

यंदा ओटी घेऊन मी एकटीच निघाले. बीबीच्या पुढे पोटऱ्या भरून आल्या आणि सवयीनं तोंडातून हाक गेली. मागून दोघांचं "हाव" आलं. मी वळले नाही. मामीच्या आवाजात आता धाप नव्हती.