दिनकर सर आणि म्हशीच्या क्लासमधली गाय

दिनकर सरांच्या एकसष्टीच्या अंकासाठी लिहायला बसले आहे खरी, पण दिवसभर दूध संस्थांच्या तक्रारी निस्तरून डोकं पार भणाणलं आहे. तेव्हा भारी शब्दांची अपेक्षा ठेवू नये.

सरांची पहिली गाठ उचगावच्या ऑफिसात पडली. खाली वेल्डिंगचं दुकान, वर दूध संस्थांसाठी प्रोग्राम लिहिणारी सरांची छोटी कंपनी. मुलाखतीत सरांनी एकच विचारलं, "क्लास आणि टाइप एकच का हो?" मी ठासून म्हणाले, "हो." सर हसले. "उद्यापासून या. चुकता, पण ठामपणे चुकता. शिकवायला सोपं जातं."

फरक त्यांनी चहा पिता पिता समजावला. प्रोग्राममधली वस्तू आतून कशी घडते ते क्लास सांगतो. बाहेरच्यांनी तिच्याकडून काय धरून चालायचं ते टाइप सांगतो. एका क्लासवरून दुसरा काढला की आतलं सामान आयतं मिळतं, पण पहिल्याचा टाइपही त्याला चिकटतो. मग पहिला जिथे चालतो तिथे दुसराही चालणार, असं कॉम्प्युटर धरून चालतो आणि कुठेच अडवत नाही. हे ज्यांनी आम्हाला शिकवलं, नेमकी त्यांच्याच हातून यात चूक व्हावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

संस्थांना गाईच्या दुधाची सोय घाईने हवी होती. सरांनी म्हशीच्या दुधाच्या क्लासवरूनच गाईच्या दुधाचा क्लास काढला. दर वेगळे केले, सगळं नीट चाललं. पुढे भेसळ तपासणारा भाग जोडला. तो म्हशीच्या दुधासाठी लिहिलेला, पण त्याने गाईचं दूधही मुकाट्याने आत घेतलं आणि म्हशीच्या मापाने त्याची फॅट कमी ठरवली.

तो भाग पहिल्यांदा राधानगरीकडच्या एका संस्थेत बसवला. तिथे गाय फक्त शेवंताबाईंची होती. त्यांच्या पावतीवर रोज 'पाण्याचा संशय' छापून येऊ लागलं. सेक्रेटरींनी त्यांचं दूध घेणं बंद केलं. घर त्या गाईवर चालायचं, आणि वर गाव त्यांना पाणीवाली म्हणू लागलं.

बाईंच्या सुनेचा फोन आला तेव्हा सरांनी कोड उघडून एकेक ओळ तपासली. दुपारपर्यंत दुरुस्ती झाली: दूध हा सामाईक टाइप, आणि गाय व म्हैस हे त्याचे दोन स्वतंत्र क्लास. मला वाटलं, सुटलो. सर म्हणाले, "प्रोग्राम नीट झाला. बाईंचं काय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे सर मला घेऊन संस्थेत गेले आणि कॅन घेऊन उभ्या असलेल्या रांगेपुढे जाऊन उभे राहिले. "बाईंनी पाणी घातलं न्हाय. चूक माझी हाय. मी गाईला म्हशीच्या मापानं मोजलं."

सेक्रेटरी कानाशी लागले, "सर, मशीन बिघडलं म्हना की. कशाला अंगावर वडून घेताय?"

"मशीन बिघडलं न्हवतं. मी सांगितलं तसंच वागलं ते."

संध्याकाळच्या रांगेपुढेही सर तेच बोलले, कारण सकाळी सगळी माणसं आलेली नव्हती. शेवंताबाई म्हणाल्या, "मी न्हाय घातलं ते मला म्हाईत हुतं की. पर माझं कोन ऐकतंय?" आणि त्यांनी कॅन पुढे केला.

माझ्या आईच्या आजारपणात संस्थांचे पहाटेचे सगळे फोन सरांनी स्वतःकडे वळवून घेतले होते. त्याचे आभार मानले की ते विषय बदलतात, म्हणून इथे छापूनच टाकते.

सर, तुम्हाला निरोगी आणि भरपूर आयुष्य मिळो. हे मागताना माझा स्वार्थ आहे. आज माझ्या प्रोग्राममुळे एका म्हाताऱ्या गवळ्यावर असाच ठपका आला. दुरुस्ती मी पाठवली आहे. उद्या पहाटे त्या गावच्या रांगेपुढे उभी राहणार आहे आणि एकटीने जायचा धीर होत नाही. अंक छापून यायला वेळ आहे, म्हणून हे पान आज रात्रीच तुम्हाला पाठवते. तुम्ही गाडीतून उतरला नाहीत तरी चालेल, पण या.